उन्हाळ्यात इस्रोच्या केंद्रात इंटर्नशिप हवी? दिवाळी झाली की लगेच कामाला लागा

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातला. घरी कोरडवाहू पाच एकर, तालुक्याच्या गावाजवळच्या कॉलेजात इंजिनिअरिंग. तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये, म्हणजे इस्रोच्या केंद्रात, ४५ दिवस काढून आलो. तेव्हापासून ज्युनिअर पोरापोरींचे फोन सुरू आहेत. प्रश्न तेच: ओळख लागते का, किती टक्के लागतात, इंग्रजी येत नाही मग काय. ओळख लागत नाही. बाकीचं खाली क्रमाने लिहितो. ज्या ठिकाणी मी आपटलो तिथे जरा जास्त लिहीन.

१. आधी कळू द्या, जायचं कुठे

आपल्याकडे इस्रो म्हटलं की श्रीहरिकोटा आणि रॉकेटचा धूर. प्रत्यक्षात इस्रोची कामं गावोगाव वाटलेली आहेत. रॉकेट तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्रात घडतं, उपग्रह बंगळुरूच्या यू. आर. राव केंद्रात. उपग्रहावरचे कॅमेरे आणि रडार, आणि त्यांच्या माहितीचा शेती-पाणी-समुद्रासाठी वापर, हे अहमदाबादचं काम. उपग्रहांची चित्रं उतरवून घेणं, साठवणं, वाटणं हे हैदराबादचं नॅशनल रिमोट सेन्सिंग सेंटर (एनआरएससी) करतं. शिकवण्याचं काम डेहराडूनच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंगचं (आयआयआरएस).

आणि नागपूर! अमरावती रोडवर एनआरएससीचंच प्रादेशिक सुदूर संवेदन (रिमोट सेन्सिंग, म्हणजे उपग्रहातून जमिनीची पाहणी) केंद्र आहे. आपल्यातले निम्मे लोक त्याच्या समोरून बसने जातात आणि त्यांना पत्ता नसतो. मलाही नव्हता. राज्य सरकारचं असंच केंद्र, एमआरसॅक, तेही नागपुरातच आहे. घरून परराज्यात पाठवायला तयार नसतील तर पहिली चौकशी या दोन ठिकाणी करा.

मेकॅनिकलवाल्याने हैदराबादला आणि भूगोल किंवा कृषीवाल्याने तिरुवनंतपुरमला अर्ज टाकून वर्ष घालवू नका. केंद्राचं काम आणि तुमची शाखा यांचा मेळ बसला पाहिजे.

२. इंटर्नशिप आणि प्रोजेक्ट ट्रेनी, दोन वेगळ्या गोष्टी

इस्रोच्या योजनेत इंटर्नशिप जास्तीत जास्त ४५ दिवसांची. प्रोजेक्ट ट्रेनी म्हणून, म्हणजे अभ्यासक्रमातला प्रोजेक्ट तिथे करायला गेलात तर बीई-बीटेकवाल्यांना सहावं सेमिस्टर झाल्यावर किमान ४५ दिवस, एमई-एमटेक आणि एमएस्सीवाल्यांना किमान १२० दिवस. दोन्हीकडे ६० टक्के किंवा दहापैकी ६.३२ सीजीपीए हवा. बॅकलॉग असेल तर तो लपवू नका, मार्कशीटवर दिसतोच.

हे मूळ नियम. प्रत्येक केंद्र आपली वेगळी सूचना काढतं, तारखा आणि फॉर्म वेगळे असतात. कुठे ऑनलाइन अर्ज, कुठे कॉलेजमार्फत पत्र. म्हणून सूचना केंद्राच्याच वेबसाइटवर वाचा, पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे ना ते बघून. ग्रुपवर फिरणारी पीडीएफ बऱ्याचदा दोन वर्षांपूर्वीची असते. आणि 'अमुक हजार भरा, इस्रोची इंटर्नशिप पक्की' असा मेसेज आला तर तो ब्लॉक करून कामाला लागा. माझ्या वर्गातल्या एकाने असे पैसे घालवले आहेत.

३. विषय: इथेच खरा निकाल लागतो

माझा पहिला ईमेल असा होता: 'मला लहानपणापासून अंतराळाची आवड आहे, संधी दिल्यास मी मेहनत करीन.' असे सात ईमेल पाठवले. उत्तर एकाचंही नाही. आता कळतं, असं पत्र वाचून समोरचा माणूस काय करणार? आवड कोणाला नाही?

आठव्या वेळी मी वावराबद्दल लिहिलं. त्याची गोष्ट सांगतो, कारण तुमच्याकडेही हेच भांडवल आहे.

सेंटिनेल-२ नावाच्या युरोपियन उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात. दोन उपग्रहांच्या जोडीमुळे दर पाच दिवसांनी आपल्या गावावरून नवं चित्र. त्यात लाल आणि जवळच्या अवरक्त (डोळ्याला न दिसणाऱ्या) प्रकाशाच्या पट्ट्याचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा तुकडा. एक एकर साधारण ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे एकरात चाळीसेक पिक्सेल. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण आमचा नाल्याकडचा दोन एकराचा तुकडा धरा, अंदाजे ९० मीटर बाय ९० मीटर. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ पिक्सेल, एकूण ८१. त्यातले कडेचे ३२ पिक्सेल धुऱ्यावर (बांधावर) पडतात: अर्धं पीक, अर्धी बाभूळ, थोडी शेजाऱ्याची पऱ्हाटी, म्हणजे कापूस. निखळ आपलं पीक दाखवणारे उरतात ४९. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहाच्या लिस-३ कॅमेऱ्याचा पिक्सेल २३.५ मीटरचा. त्यात हाच तुकडा जेमतेम चार बाय चार बसतो आणि मधले निखळ पिक्सेल चारच. लिस-३ घेतो तेवढ्या रुंद पट्ट्यात अख्खा जिल्हा लवकर उरकतो, पण अल्पभूधारकाचं वावर त्यात हरवतं.

आता त्या ४९ पिक्सेलमध्ये काय आहे? आमच्याकडे सोयाबीनच्या सहा तासांमागे (ओळींमागे) एक तास तुरीचा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सोयाबीन सोंगून नेलं की जमीन उघडी, आणि मध्ये मध्ये तुरीच्या हिरव्या रांगा. तुरीच्या दोन तासांमधलं अंतर पिक्सेलपेक्षा कमी, म्हणून उपग्रहाला रांग दिसत नाही, सरासरी दिसते. वनस्पतींचा हिरवेपणा मोजायचं सूत्र सोपं आहे: अवरक्तमधून लाल वजा करा, आणि त्याला दोघांच्या बेरजेने भागा. त्याला एनडीव्हीआय म्हणतात. सोयाबीन निघालं की हा आकडा धाडकन पडतो, पण शून्याजवळ जात नाही, कारण तूर उभी असते. संगणकाला वाटतं पीक वाळलं. आपल्याला माहीत असतं की तूर आता कुठे फुलावर येते आहे.

मी गावाचा असा एक नकाशा करून बाबांना मोबाइलवर दाखवला होता. माझ्या प्रोग्रामने गावाच्या उत्तरेचा मोठा तुकडा हिरवागार कापूस म्हणून रंगवला होता. बाबांनी फोन लांब धरला, जवळ आणला, विहीर कुठे आहे ते विचारलं, मग अंगठा ठेवून म्हणाले, "हे पऱ्हाटी नोहे बाप्पा. हे पडीत हाय. गाजरगवत माजलं हाय तिथं." जाऊन पाहिलं तर कमरेएवढं गाजरगवत. हिरवं म्हणजे पीक, असं उपग्रह कधीच म्हणत नाही. ते मी म्हटलं होतं.

या पडताळणीला तिकडे 'ग्राउंड ट्रुथ' म्हणतात, आणि तिच्यासाठी शास्त्रज्ञांना गाडी करून उन्हात हिंडावं लागतं. आपण तिथेच राहतो. मी ३० वावरांची नोंद केली: जागेचे अक्षांश-रेखांश, पीक कोणतं, पेरणी कधी, डवरणी किती, सोंगणी कधी, दर पंधरा दिवसांनी त्याच जागेवरून एक फोटो. साध्या वहीत. आठव्या ईमेलला ती वही स्कॅन करून जोडली. चार दिवसांत उत्तर आलं.

तुमचा विषय वेगळा असेल. वरूड-मोर्शीकडचे असाल तर संत्र्याच्या बागा आहेत, त्या वर्षभर हिरव्या, मग जंगलापासून वेगळ्या कशा ओळखायच्या? बुलडाण्याकडचे असाल तर लोणार: बेसाल्ट खडकात आदळून झालेलं जवळपास १.८ किलोमीटरचं विवर. चंद्रावरच्या काळ्या पठारांचा खडकही बेसाल्टच, म्हणून ग्रहांचा अभ्यास करणाऱ्यांना लोणारचं मोल. चंद्रपूरकडचे असाल तर खाणी आणि जंगल. पावसाळ्यातले ढग हाही मोठा विषय आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पीक वाढतं तेव्हाच साध्या कॅमेऱ्याला आभाळाखालचं काही दिसत नाही. मग रडार लागतं, ते ढगातून पाहतं. २०२२च्या फेब्रुवारीत गेलेला ईओएस-०४ आणि जुलै २०२५मध्ये नासाबरोबर सोडलेला निसार हे असे रडारवाले उपग्रह. निसारच्या दोन रडारांपैकी एस-बँडचं काम अहमदाबादचंच.

फोनवर मुलाखत झाली तर एक प्रश्न येतोच: अंतराळात रस कसा? मी २०२२च्या गुढीपाडव्याचं सांगितलं. त्या संध्याकाळी अर्ध्या विदर्भाने आभाळात जळत जाणारी रेघ पाहिली आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. चिनी रॉकेटचा उरलेला भाग असावा, असा अंदाज निघाला. आम्ही अंगणात उभे होतो, आजी हात जोडून. खरी आठवण असेल तर ती सांगा. पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं.

४. हाताशी काय शिकून ठेवायचं

क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर शिका. फुकट आहे, आणि चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवरही रडतखडत चालतं. पायथन, निदान फाइल वाचून आलेख काढण्याइतकं. इस्रोच्या भुवन आणि भूनिधी या पोर्टलवर खातं उघडून एक तरी चित्र स्वतः उतरवून पाहा. आयआयआरएसचे ऑनलाइन कोर्स फुकट असतात आणि प्रमाणपत्रही देतात, एखादा करून ठेवा.

एका चित्राची फाइल एक जीबीच्या आसपास भरते. गावात रेंज नसेल तर रात्री, किंवा तालुक्याला गेल्यावर लायब्ररीत. मी टाकीवर चढून डाउनलोड केलंय, पण तसं करा असं म्हणणार नाही.

५. अर्ज, आणि कॉलेजचं पत्र

ईमेल इंग्रजीत, पण छोटा. मी कोण आणि कुठल्या सेमिस्टरला, हे एका वाक्यात. काय करून पाहिलं, दोन वाक्यांत. तुमच्याकडे काय करायचं आहे आणि कोणत्या तारखांना मोकळा आहे, एका वाक्यात. बस. 'रिस्पेक्टेड सर' लिहून पाठवलं आणि समोर मॅडम निघाल्या, असं माझं झालं आहे. आधी नाव वाचा. एकच मेल वीस शास्त्रज्ञांना एकत्र पाठवू नका, ते शेजारी बसतात.

कॉलेजकडून एनओसी (ना-हरकत पत्र) किंवा शिफारसपत्र लागतं, आणि सगळ्यात जास्त दिवस इथेच जातात. आमच्या कॉलेजात असं पत्र आधी कोणी मागितलंच नव्हतं. क्लार्क म्हणाले नमुना आणा, एचओडी म्हणाले प्राचार्यांना विचारा, प्राचार्य विद्यापीठाच्या बैठकीला. अकरा दिवस गेले. शेवटी मीच पत्र टाइप करून नेलं. तुम्ही पहिल्याच दिवशी तसं करा: कॉलेजच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह, तुमचं पूर्ण नाव, वर्ग, तारखा, आणि 'या काळात विद्यार्थ्याला सूट आहे' हे वाक्य. सही, गोल शिक्का. दोन मूळ प्रती घ्या.

तारखांचा सापळा वेगळाच. उन्हाळी परीक्षेचं वेळापत्रक पुढे सरकतं, हे आपल्याला नवं नाही. माझी एक प्रॅक्टिकल नऊ दिवस पुढे गेली आणि रुजू व्हायची तारीख तीच आली. गाइड मॅडमना मेल करून आठवडा वाढवून मागितला, त्यांनी दिला. दरवेळी मिळेल असं नाही. शेवटचा पेपर आणि रुजू होणं यात दहा दिवस मोकळे ठेवा.

६. कागदपत्रं

- कॉलेजचं ओळखपत्र आणि बोनाफाइड
- एनओसी किंवा शिफारसपत्र, मूळ प्रत
- आधार कार्ड
- दहावी, बारावी आणि आतापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट
- पासपोर्ट आकाराचे आठ फोटो
- निवडीचं पत्र किंवा ईमेल, छापून
- मागितलं असेल तर पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र

शेवटचं प्रमाणपत्र ऑनलाइन अर्जाने मिळतं, पण ठाण्यातून पडताळणी व्हायला वेळ लागतो. सूचनेत त्याचा उल्लेख दिसला की त्याच दिवशी अर्ज करा.

नावाचं बघून घ्या. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, कुठे वडिलांचं नाव आहे, कुठे नुसतं आद्याक्षर. माझ्या आधारवर आडनावात एक 'एच' जास्त होता. गेटवर पास बनवताना असला फरक अडतो. सेतू केंद्रात जाऊन आधीच दुरुस्त करा. आणि झेरॉक्सचे तीन संच इथूनच काढून न्या, तिथे पहिल्या दिवशी दुकान शोधत फिरावं लागतं.

७. पैसे, गाडी, खोली

स्टायपेंड, हॉस्टेल, भाडं यातलं काही मिळेल असं धरून चालू नका. सूचनेत स्पष्ट लिहिलं असेल तरच मिळेल. मला येणं-जाणं, पीजी आणि डबा मिळून १७,००० रुपयांच्या आत भागलं, कारण तिघांत एक खोली होती. खोलीसाठी आधी गेलेल्या विद्यार्थ्यांना विचारा, आणि न पाहता आगाऊ पैसे पाठवू नका.

अहमदाबादसाठी आपल्याला बडनेरा किंवा अकोला सोयीचं. हावडा-अहमदाबाद आणि नवजीवन या दोन्ही गाड्या तिथे थांबतात. मी दारव्ह्याहून नेरमार्गे एसटीने बडनेरा गाठलं. निवड कळली की लगेच रिझर्वेशन करा, मेमध्ये लग्नसराई असते. केंद्र ज्या भागात आहे त्या भागाचं नावच सॅटेलाइट पडलं आहे, रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं तरी पुरतं. उन्हाची काळजी नको, यवतमाळच्या माणसाला तिथलं ऊन घरचंच वाटतं.

एक गोष्ट घरात बोलून ठेवा. ४५ दिवस मोजले तर तुम्ही पेरणीला घरी नसता. मी आठवडाभर उशिरा रुजू झालो होतो, त्यामुळे जूनचा शेवट आणि जुलैची सुरुवात दोन्ही गेलं. बाबांनी त्या वर्षी तिफणीवर मजूर लावला. तो खर्चही इंटर्नशिपचाच धरा.

८. गेटच्या आत

बाहेर सीआयएसएफचा पहारा असतो. मोबाइल, पेनड्राइव्ह, स्वतःचा लॅपटॉप आत नेता येत नाही. याचे परिणाम आधी लक्षात येत नाहीत. फोन जमा झाला की गाइडचा नंबरही गेला, म्हणून त्यांचा एक्स्टेन्शन नंबर, विभाग आणि खोली कागदावर लिहून खिशात ठेवा. मी पहिल्या दिवशी पास हातात घेऊन पाऊण तास उभा होतो, कारण कोणाला भेटायचं ते फोनमध्ये होतं. यूपीआय नाही, तेव्हा कॅन्टीनसाठी सुटे पैसे. हातावरचं साधं घड्याळ. आणि घरी सांगून ठेवा की दिवसभर फोन लागणार नाही. माझी आई पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत देवासमोर बसली होती.

काम आतल्याच संगणकावर करायचं. तो कोड, ती चित्रं बाहेर येत नाहीत, रिपोर्टही तपासूनच हाती मिळतो. म्हणून दररोज काय केलं ते वहीत लिहा, तारखेसह. शेवटच्या आठवड्यात रिपोर्ट लिहिताना ती वहीच कामी येते. आतल्या कामाचे फोटो, स्टेटस, रील यांचा विचारही करू नका.

इंग्रजीचं म्हणाल तर मीही घाबरलो होतो. तिथे तमिळ, बंगाली, गुजराती, मल्याळी असे सगळे, प्रत्येकाचं इंग्रजी आपापल्या गावचं. जेवताना हिंदीच चालते. पहिल्या आठवड्यात मी न कळलेल्या गोष्टीला मान हलवत राहिलो, आणि तीन दिवस चुकीच्या पट्ट्यांवर सूत्र चालवलं. मॅडम रागावल्या त्या चुकीवर नाही, विचारलं नाही म्हणून.

९. नंबर लागला नाही तर

देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. दोन महिन्यांची, आणि तिच्यात पैसे मिळतात. तिची जाहिरात हिवाळ्यापूर्वीच येते, म्हणून नजर ठेवा. नागपूरच्या केंद्रांचं वर लिहिलंच आहे. आणि घरात कोणी नववीत असेल तर इस्रोचा 'युविका' कार्यक्रम बघा. २०१९पासून सुरू आहे, दोन आठवडे केंद्रात नेतात, जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च इस्रोचा, आणि निवडीत ग्रामीण शाळेतल्या मुलांना जास्तीचे गुण धरतात. त्यासाठी मुख्याध्यापकांची सही लागते. माझ्या धाकट्या बहिणीचा फॉर्म तेवढ्यासाठी राहिला, कारण शाळेला सुट्टी लागली होती. सूचना आली त्याच दिवशी शाळेत जा.